‘ख्यालीखुशाली’च्या खाली निधनाची बातमी? शब्द सुचवा

वेलांटी
कॉलेज सोडून तीसेक वर्षं झालेल्या आमच्या बॅचचं एक छोटं पत्रक निघतं. कुणाला बढती मिळाली, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोण आजोबा झालं, कुणी नोकरी सोडून भलतंच काही सुरू केलं, असं सगळं त्यात येतं. जुळवाजुळव मी करते. सदराचं नाव पहिल्यापासून ‘ख्यालीखुशाली’. पस्तिशीत ते शोभत होतं; आता बातम्यांचा रंग बदललाय. या खेपेला एका मैत्रिणीच्या निधनाची बातमी आहे, एकाच्या बायपासची आहे आणि एकीने आपला घटस्फोट झाल्याचं स्वतःहून कळवलंय. मसुदा वाचून एक मित्र म्हणाला, “या नावाखाली तिचं जाणं नको छापूस.” ते पटतंय, पण तिला वेगळ्या काळ्या चौकटीत टाकायलाही मन घेत नाही. ती आमच्यातलीच, सगळ्यांच्या ओळीत यायला हवी. आनंदाची आणि दुःखाची बातमी सारख्याच मायेने सामावून घेणारा शब्द आहे का? ‘वृत्त’, ‘वार्ता’ नकोत, परके वाटतात.

रफार
‘क्षेमकुशल’ घ्या. ‘खुशाली’ म्हणजे ‘कुशल’चंच झिजलेलं रूप. मूळ शब्द हाताशी असताना झिजलेला कशाला?

उकार
रफार, खुशालीचा कुशलशी काही संबंध नाही. फारसी ‘खुश’ आणि अरबी ‘हाल’ मिळून ‘खुशहाल’, त्याचं आपण ‘खुशाल’ केलं. ‘ख्याल’ही अरबीच. ‘कुशल’ची पारंपरिक व्युत्पत्ती कुश म्हणजे दर्भावरून सांगतात: हात न कापता दर्भ आणतो तो कुशल. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘कर्मणि कुशलः’ (कामात कुशल) हे रूढिलक्षणेचं, म्हणजे रूढीमुळे शब्द मूळ अर्थ सोडून दुसरा अर्थ देतो त्याचं, उदाहरण दिलंय ते याच समजुतीवर, आणि विश्वनाथ या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने त्याला विरोध केलाय. उच्चार जवळ आहेत म्हणून गोत्र एक होत नाही. शिवाय मराठीत ‘खुशाल’ने स्वतःचा वेगळाच संसार थाटलाय. ‘खुशाल जा’ म्हणताना आनंदाचा मागमूस नसतो, ‘बेलाशक जा’ एवढाच अर्थ.

अवग्रह
व्युत्पत्ती काहीही असो, क्षेमकुशलाने वेलांटीताईंची अडचण सुटत नाही. क्षेमही चांगलं, कुशलही चांगलं. गेलेल्या माणसाचं क्षेम काय छापणार?

मला यात एक गोष्ट फार दिवस खटकते आहे. मुळात ‘हाल’ म्हणजे नुसती स्थिती, बरी किंवा वाईट. मराठीत आल्यावर तिचे ‘हाल झाले’, हालअपेष्टा झाल्या. ‘दशा’चं तेच: ‘काय दशा झाली त्याची!’ ‘गत’, ‘अवस्था’ यांचंही तेच. माणसाच्या स्थितीसाठी आपण जो शब्द वापरायला घेतो, तो वापरता वापरता दुःखाकडे कलतो. मध्ये तोल धरून उभा राहिला तो एकटा ‘अहवाल’. तो ‘हाल’चंच अरबी अनेकवचन! पण त्याला कचेरीचा वास आहे. ‘हालहवाल’मध्ये हे दोघे एकत्र आहेत आणि तिथे मात्र वास नाही. माझं मत हालहवालला.

रफार
म्हणजे पुन्हा अरबीच. महापौर आणि दिनांक हे सावरकरांचे शब्द रुळले ते लोकांनी हट्टाने वापरले म्हणून. हट्टच धरला नाही, तर आपला शब्द रुळणार कसा? ‘सहाध्यायी-वृत्तान्त’ म्हणा. गंभीर आहे, सगळं पेलतो.

काना
रफारजी, ‘सहाध्यायी-वृत्तान्त’ उघडून वाचायची इच्छा तरी कुणाला होईल का?

जुनी मराठी पत्रं आठवा. आधी ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत जाणे’ या धाटणीचं वाक्य, मग ‘विशेष’, आणि त्यापुढे खरा मजकूर. लढाई असो, बारसं असो, मृत्यू असो, सगळं या ‘विशेष’नंतरच. आजही ओळखीचं माणूस भेटलं की आपण विचारतो, “काय विशेष?” समोरचा काय सांगेल ते ऐकायची तयारी त्या प्रश्नात असते. सदराचं नाव ‘काय विशेष?’ ठेवा. संस्कृत आहे म्हणून रफारजींना चालावं, बोलीतलं आहे म्हणून मला.

वेलांटी
काना, हे मनात भरलं. ‘विशेष’खाली निधन आणि नातू शेजारी आले तरी दोघांचा मान राहील.

मात्रा
मला नाही चालणार. लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत “काय गं, काही विशेष?” हा प्रश्न ज्या बाईने पुन्हा पुन्हा ऐकलाय, तिला त्यातला रोख विसरता येत नाही. मूल नसलेल्या मैत्रिणी आमच्याही वर्गात आहेत. आणि ज्यांच्याकडे बढती नाही, लग्नकार्य नाही, नातवंड नाही, ते “विशेष काही नाही” म्हणून कळवणंच थांबवतात. मला तर नेमकी त्यांचीच खबर हवी असते. आईची शुश्रूषा करत कुणी दहा वर्षं घरात काढली, तर ती बातमी नाही का?

अवग्रह
मात्राताई, अगदी खरं. याला ‘मैलाचा दगड’ ही कल्पनाही कारणीभूत आहे. हल्ली जो तो ‘मैलाचा दगड गाठतो’. मराठीत गाठायचा तो टप्पा, गाठायचा तो पल्ला. दगड वाटेत लागतो आणि मागे पडतो.

रफार
इथे मी तुमच्या बाजूचा. ‘मैल’ही नको नि ‘दगड’ही. टप्पा उत्तम.

उकार
पण शेजारी ठेवल्यावर बोचणारे शब्द आणखीही आहेत. ‘निवृत्त झाले’ आणि ‘निवर्तले’. दोन्ही नि + वृत्, परत फिरणे. एकात नोकरी संपते, दुसऱ्यात आयुष्य. एकाच पानावर दोन्ही आले तर वाचणारा दचकेल. मी तरी साधं ‘गेली’ लिहीन.

काना
‘गेली’ हवंच. ‘दुःखद निधन’मधलं ‘दुःखद’ही काढा. ज्याला दुःख झालंय त्याला ते सांगावं लागत नाही.

रफार
एक विचारतो: पत्रकात ‘वर्गमित्र’ लिहिता की ‘बॅचमेट’? शाखा वेगळ्या असतील तर वर्ग एक नव्हता, मग वर्गमित्र कसले? ‘सहाध्यायी’ इथेच लागतो. स्त्री-पुरुष दोघांना चालतो, ‘वर्गमैत्रीण’ असली ओढाताण नाही.

मात्रा
ओढाताण कसली? आम्ही कॉलेजात असल्यापासून वर्गमैत्रीणच म्हणतो.

काना
‘आमच्या बॅचची’ म्हटलं की तीन शाखा, दोन तुकड्या, मुलं-मुली सगळे आले. ‘बॅच’ला हे जमतं ते सहाध्यायीला जमत नाही, त्यात अध्ययन आहे, सोबत नाही.

उकार
काना, ‘सह’ म्हणजे मग काय?

वेलांटी
मंडळी, मजकूर परवा छपाईला द्यायचाय. ‘काय विशेष?’ की ‘हालहवाल’?

रफार
आधी सहाध्यायीचा निकाल लावू. काना, ‘अध्यायी’तला अध्याय ग्रंथापुरता नसतो. ‘सहाध्यायिनी’ असं स्त्रीलिंगी रूपही करता येतं.

मात्रा
मग आत्ताच म्हणालात ना, तो दोघांना चालतो म्हणून?