मदत हवी आहे: 4 जुलै, लेक टाहो आणि आमची वरात

मंडळी, 2026 चा 4 जुलै शनिवारी येतोय आणि अमेरिकेला 250 वर्षं होतायत, त्यामुळे दीर-जाऊ, नणंदेची फॅमिली, पुण्याहून आलेले सासू-सासरे आणि आत्या सगळ्यांनी मिळून साउथ लेक टाहोला (कॅलिफोर्नियात, लेक टाहो तळ्याच्या काठचं गाव) केबिन घेतलीय. आता प्रश्न. फटाके बघायला पब्लिक बीचवर दुपारपासून जागा धरून बसायचं म्हणतात, पण सासऱ्यांचे गुडघे दुखतात, वाळूत चालणं जमत नाही, तर जिथे गाडीतून उतरून लगेच बाकावर बसता येईल आणि तळ्यावरची आतषबाजीही दिसेल अशी जागा कोणी सांगेल का? आणि रात्री परतताना ट्रॅफिक किती वेळ अडकतं? दुसरं म्हणजे टाहो 6200 फुटांवर, महाबळेश्वरपेक्षाही बरंच उंच, सासूबाईंना बीपी आहे (डॉक्टरांना विचारणारच आहोत), पण कोणी ज्येष्ठांना नेलं असेल तर काय त्रास झाला ते सांगा. पोरांना फुलबाज्या हव्यात, पण तिथे वणव्याच्या भीतीने स्वतःचे फटाके उडवायला बंदीच आहे, मग रात्री काय करता तुम्ही मुलांचं? पाणी जुलैतही गारठवणारं, तरी दीर उडी मारणारच, त्यांना कोण सांगणार. आत्याचा शनिवारचा उपास, ग्रिलवर भाजलेली रताळी सोडून अजून काय करता येईल?