मदत हवी आहे: पीयूसी चालू असूनही काळ्या धुराचं चलान

सासवडचा_टेम्पो
कालपासून डोकं फिरलंय. पीयूसी चालू आहे, कागद गाडीत होता, तरी हडपसरजवळ अडवलं. काळा धूर येतोय म्हणून तपासायला पाठवली आणि नापास! सात दिवसांत दुरुस्त करून दाखवा म्हणतात. पीयूसी असताना असं करता येतं का? चलान रद्द कसं करायचं? लवकर सांगा. पहाटे तीनला वाटाणा मार्केट यार्डात लागतो.

नोझल_पंप
गाडी कुठली, कितव्या सालची, भारत स्टेज (धुराच्या नियमांचा टप्पा) किती, स्लिपवर आकडा काय? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

सासवडचा_टेम्पो
डिझेल छोटा टेम्पो, 2014. स्टेजचं माहीत नाही. दुरुस्तीचं मी बघतो हो, चलानचं सांगा.

वकिली_वाचन
करता येतं. केंद्रीय मोटार वाहन नियम 116. पीयूसी असली तरी शंका आल्यास उपनिरीक्षक किंवा मोटार वाहन निरीक्षक लेखी आदेश देऊन गाडी तपासायला पाठवू शकतात. कागद गेल्या तपासणीचा, धूर आजचा. सात दिवस हातचे घालवू नका.

गुलमोहर७
नवीन कायद्यात सरळ दहा हजार आहेत. भरा आणि मोकळे व्हा.

वकिली_वाचन
दहा हजार ही कलम 190(2) ची कमाल मर्यादा आहे, सरसकट दंड नव्हे. शिवाय त्यात लायसन्स तीन महिने जाण्याची तरतूद आहे. उगाच घाबरवू नका आणि 'मोकळे व्हा'ही म्हणू नका.

कात्रजची_आई
तुम्हाला चलानचं पडलंय. माझा मुलगा स्कूटरवर माझ्या पुढ्यात उभा असतो, सिग्नलला टेम्पोचा सायलेन्सर बरोबर त्याच्या तोंडाशी येतो. घरी येऊन रुमाल नाकात फिरवला की काळा. आधी धूर बंद करा.

सासवडचा_टेम्पो
ताई, मलाही पोरं आहेत. मुद्दाम कोण सोडतं धूर?

नोझल_पंप
आरसी बुकात स्टेज बघा. त्यावर मर्यादा ठरते. स्टेज 3 ला 65 एचएसयू (धुराच्या घनतेचं माप), स्टेज 4 ला 50. 2010 पासून पुण्यात स्टेज 4 होतं, पण बाहेरच्या पासिंगच्या गाड्या 2014 लाही स्टेज 3 च्या असायच्या.

सासवडचा_टेम्पो
बारामती पासिंग, MH-42. स्टेज 3 लिहिलंय. स्लिपवर 78.

बाटली_भारी
डिझेलच्या टाकीत क्लीनरची एक बाटली ओता, शंभर किलोमीटर पळवा, पास होणार. माझी झाली.

नोझल_पंप
78 वरून 65 च्या आत बाटलीने येत नाही. एअर फिल्टर, नोझल, पंप, याच क्रमाने जा. चढाला ताकद हवी म्हणून कुणी पंप वाढवून दिलाय का? जादा डिझेल, तेवढी हवा नाही, मग काळाच धूर येणार.

बाटली_भारी
प्रत्येकाला पंप खोलायला लावून बिल वाढवायचं, गॅरेजवाल्यांचं ठरलेलं असतं.

दादरचे_काका
मुंबईत 1999 साली धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने व्ही. एम. लाल यांची समिती नेमली. त्यातूनच पुढे जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. तेव्हा माहीमच्या नाक्यावर डोळे चुरचुरायचे. कागद तपासून फरक पडला नाही, इंधन बदललं तेव्हा पडला. सीएनजी किट बसवा.

नोझल_पंप
काका, टॅक्सीचं वेगळं. डिझेल इंजिनात किट बसवणं म्हणजे जवळजवळ नवं इंजिनच.

दिल्लीकर_मराठी
इथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने 2015 साली बंदी घातली. तुमचा टेम्पो इकडे असता तर प्रश्नच मिटला असता.

नवी_स्कूटर
इलेक्ट्रिक दुचाकी घ्यायची आहे, पावसात चार्जिंग उघड्यावर चालतं का?

वकिली_वाचन
वेगळा धागा काढा. टेम्पोवाले दादा, मागची पीयूसी काढताना नळी सायलेन्सरमध्ये घातली होती का?

सासवडचा_टेम्पो
नाही. नंबरप्लेटचा फोटो काढला, पैसे घेतले, कागद दिला. दोन मिनिटांत. मला वाटलं असंच असतं.

वकिली_वाचन
तपासणीच झाली नाही मग. डिझेलला इंजिन गरम करून, न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतात, तेही अनेकदा, आणि धुराची घनता मोजतात. केंद्राची लेखी तक्रार करा, पण त्याने चलान रद्द होणार नाही.

कात्रजची_आई
म्हणजे अशा कागदावर किती गाड्या फिरत असतील? मी तुमच्यावर उगाच चिडले. तक्रार नक्की करा.

सासवडचा_टेम्पो
आज मिस्त्रीने फिल्टर काढून फरशीवर आपटला, मूठभर माती पडली. दिवे घाटाच्या कामाची धूळ. दोन नोझल गळत होते. पंपही वाढवलेला निघाला, आधीच्या मालकाने केलं असणार. पंप कंपनीच्या सेटिंगवर आणलाय. पेंड भरून घाट चढताना आता दुसरा गिअर लागतो, पण आरशात मागचा रस्ता दिसतो. उद्या तपासणी.

नोझल_पंप
इंजिन तापवून मगच उभी करा. थंड गाडीचा आकडा खोटा वाढतो.

सासवडचा_टेम्पो
49 आला. नळी आत घातलेली स्वतः उभं राहून बघितली. चलान भरलं. केंद्राच्या तक्रारीचा मजकूर कुणी तपासून देईल का?