दारू सोडायची पहिली मीटिंग कशी सापडली? पुण्यातल्या लोकांनी आपापले अनुभव लिहा

परवा लिफ्टमध्ये शेजारच्या मुलाने हळूच विचारलं, काका तुम्ही ती मीटिंग करता ना, कुठे असते, बाबांसाठी हवीय. मी पत्ता सांगितला, पण घरी आल्यावर चैन पडेना, कारण मला स्वतःला पत्ता मिळाल्यापासून आत पाय टाकायला ४ महिने लागले होते. म्हणून हा धागा. तुम्ही किंवा तुमच्या घरचं माणूस एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून चालवलेला ग्रुप) किंवा दुसऱ्या कुठल्या ग्रुपपर्यंत कसं पोचलं ते लिहा. नावं नकोत.

माझं सांगतो. चिठ्ठी फॅमिली डॉक्टरांनी दिली होती, ती मी पाकिटात लायसन्सच्या मागे ठेवली होती. पेठेतल्या एका शाळेचा वर्ग, संध्याकाळी साडेसात. दोनदा गेलो, समोरच्या टपरीवर चहा प्यायलो आणि घरी आलो. तिसऱ्यांदा टपरीवरच एक गृहस्थ म्हणाले, "चला, आतही चहा असतो." कसं ओळखलं विचारलं तर म्हणाले, गेल्या वेळीही तुम्ही ग्लास हातात धरून गेटकडेच बघत होतात. चौथीच्या पोरांचे बाक, गुडघे मावत नव्हते. फॉर्म नाही, फी नाही. शेवटी डबा फिरला, मी खिशात हात घातला तर शेजारच्याने अडवलं, तुम्ही आज पाहुणे. त्या दिवशी मी एक अक्षर बोललो नाही, कुणी बोलायला लावलंही नाही. एएची सुरुवात १९३५ ला अमेरिकेत अशीच झाली, एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले. बाकी सगळं नंतर आलं.

*हडपसरहून, एक पत्नी*

मी आधी सगळे चुकीचे उपाय केले हे लिहायला हवं. कुणीतरी सांगितलं म्हणून दारू सोडायच्या गोळ्या आणल्या आणि यांना न सांगता आमटीत घातल्या. त्या रात्री हे बाहेरून पिऊन आलेले, तोंड लालभडक झालं, छाती धडधडायला लागली, उलट्या, बीपी खाली, रात्री २ वाजता रिक्षाने हॉस्पिटल. ती गोळी पोटात असताना दारू प्यायली तर जीवावर बेतू शकतं, ती माणसाला सांगून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते, हे मला तिथे कळलं. बायांनो, कुणालाही चोरून काही देऊ नका. पुढे यांना येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं (डॉ. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ ला सुरू केलेलं, पुलं आणि सुनीताबाईंनी मदत केली होती ते). तिथे पत्नींसाठी सहचरी गट असतो. मी यांच्यासाठी म्हणून गेले आणि दीड तास स्वतःसाठी रडले. एक ताई म्हणाली, बाटल्या शोधणं आधी बंद कर. मी रोज माळा, गाडीची डिकी, तांदळाचा डबा तपासायचे, ते सोडायला मला वर्ष लागलं.

*बाणेर, वय ३४*

पिणारी मी आहे. बायका पण असतात, लिहितेय कारण कुणी लिहीत नाही. पहिल्या मीटिंगला २२ पुरुष आणि मी एकटी, सगळे नीट वागले पण मला खोटंच बोलता आलं. खरं बोलले ती लॉकडाऊनमधली ऑनलाइन मीटिंग, कॅमेरा बंद, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कारमध्ये बसून, वर आईबाबा होते म्हणून. फक्त बायकांच्या मीटिंगा ऑनलाइन असतात, विचारा, मिळतात.

*रिक्षावाला, कात्रज*

मी कुणाला न विचारता एकदम बंद केली, तिसऱ्या दिवशी हात असे थरथरायला लागले की चावी लागंना, भिंतीवर साप दिसायला लागले आणि मग फिट आली, भावानी उचलून दवाखान्यात नेलं म्हणून वाचलो. रोज भरपूर पिणाऱ्यानी आधी डॉक्टर गाठा, मग मीटिंग. माझ्या स्पॉन्सरनी (म्हणजे ग्रुपमधला आधी सोडलेला माणूस, जो नव्याला सांभाळतो) ९० दिवसांत ९० मीटिंगा सांगितल्या, मला वाटलं धंदा कधी करायचा, पण सीट सोडून जिथं असंल तिथली मीटिंग करायचो, आज स्वारगेट उद्या निगडी. गटारीला सगळं स्टँड रिकामं होतं, त्या रात्री मी मीटिंगच्या जागेबाहेरच रिक्षा लावून झोपलो. ३ वर्षं झाली.

*धागाकर्ता*

काहींनी विचारलंय म्हणून. ओपन मीटिंगला कुणीही येऊ शकतं, घरचे, मित्र, नुसतं बघायला आलेले. क्लोज्ड फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायची इच्छा आहे त्याच्यासाठी, आणि इच्छा सोडून दुसरी अट नाही. घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी टेली-मानस नंबर, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आणि तो लिफ्टमधला मुलगा. त्याचे बाबा नाही म्हणाले, दार आपटलं म्हणे. गुरुवारी ओपन मीटिंग आहे, तो एकटाच येतोय. मी सातला खाली स्कूटर काढून थांबतो असं त्याला सांगितलंय.