एअर ॲम्ब्युलन्सच्या वैमानिकाला पेशंटची अवस्था सांगावी का?

मुक्ता_नागपूर
6 मे 2021 ला आमच्या नागपुरातून उडालेल्या एअर ॲम्ब्युलन्सचं चाकच निखळलं. मुंबईत धावपट्टीवर फेस पसरून विमान पोटावर उतरवलं, पेशंटसह सगळे वाचले. 25 मे 2011 ला नशीब एवढं चांगलं नव्हतं. पाटण्याहून पेशंटला दिल्लीला नेणारं विमान रात्री वादळी हवेत फरिदाबादच्या वस्तीवर कोसळलं. विमानातले सात आणि घरांतले तीन, दहा जीव गेले.

माझं मत: निघायचं की नाही हे ठरेपर्यंत वैमानिकाला पेशंटबद्दल वजनाखेरीज काहीही सांगू नये. सात वर्षांची मुलगी अत्यवस्थ आहे हे कळल्यावर समोरचे ढग विरळ वाटायला लागतात. अमेरिकेत बऱ्याच हेलिकॉप्टर सेवा असं करतात.

अतिदक्षता
डॉक्टर म्हणून पूर्ण असहमत. छातीत किंवा कवटीत हवा अडकलेली असेल तर उंचीवर ती फुगते. केबिनचा दाब जमिनीइतका ठेवायचा तर विमान खालून न्यावं लागतं, इंधन जास्त लागतं, वाटेत थांबा वाढू शकतो. हे वैमानिकाला सांगायचं नाही? आणि फरिदाबादच्या विमानात दोन वैमानिक होते. ते दिल्लीजवळ पोचलं होतं. पाटण्यात तोंड बंद ठेवून तिथलं वादळ टळलं असतं का? नागपूरचं चाक तर देखभालीचा प्रश्न.

मुक्ता_नागपूर
चाकाचं मान्य. पण "केबिन जमिनीच्या दाबावर हवी" एवढं सांगितलं की पुरे. वय, आजार, बाहेर रडणारी आई, हे कशाला?

गोदाकाठ
तुम्ही लोक कागदावर बोलताय. बाबांच्या वेळी पावसामुळे एका कंपनीने नकार दिला. आम्ही दुसरीकडे फोन केला, पहिला नकार सांगितला नाही. ते आले, बाबा वाचले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

पंखा_पाती
गोदाकाठ, बाबा वाचले याचा मनापासून आनंद आहे. पण त्या विमानात डॉक्टर, नर्स आणि दोन वैमानिकही होते. पहिल्याने का नाकारलं हे त्यांना कळायलाच हवं होतं. एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याला गाठायचं, यातून अमेरिकेत अपघात झालेत. तिथे 2014 च्या नियमांनुसार हेलिकॉप्टर कंपनीकडे, हेच उड्डाण आधी कुणी नाकारलंय का, हे शोधायची ठरलेली पद्धत असावी लागते. मुक्ताताई, वैमानिकाला अंधारात ठेवण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

गोदाकाठ
विचारलं असतं तर खोटं बोललो नसतो. कुणी विचारलंच नाही. फोनवर एजंट होता, तो फक्त ॲडव्हान्सबद्दल बोलत होता. वैमानिकाशी आमचं बोलणं झालं ते थेट विमानाच्या शिडीपाशी.

अतिदक्षता
मग तो प्रश्न आम्ही डॉक्टरांनीच विचारायला हवा. रेफरलच्या फॉर्मवर तशी ओळ नाही. आमच्या युनिटमध्ये उद्यापासून हाताने लिहायला सांगते.