करार संपल्यावर टीम सोडली तर खेळाडू गद्दार कसा?

आर्यनची आई (इंदिरानगर, नाशिक):
मुलगा नववीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळतो. १ जुलैला पहाटे साडेतीनचा अलार्म लावून उठला. मला वाटलं मॅच असेल, तर म्हणे एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, फ्री एजन्सी सुरू झाली; करार संपलेले खेळाडू आता नवी टीम बघणार. सकाळी चहाला बसला तेव्हा डोळे भरलेले. आवडता खेळाडू दुसऱ्या टीमकडे निघालाय, 'गद्दार आहे तो' म्हणाला. मी पतसंस्थेत कामाला आहे, करारनामे रोज हाताखालून जातात. मुदत संपली की माणूस मोकळा, एवढं मला कळतं. मग एवढा राग कशाचा? आणि हे 'रिस्ट्रिक्टेड' काय असतं? त्याच्याशी धड बोलता यावं म्हणून विचारतेय.

बागायतदार (दिंडोरी):
ताई, ३० जूनला न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन असतात. तेव्हापासून दुसऱ्या टीमच्या मोकळ्या खेळाडूंशी बोलणी करता येते. बहुतेक सह्या मात्र ६ जुलैनंतर. मधले दिवस नुसते शब्दावर.

आमच्या द्राक्षातही तसंच. व्यापारी बागेत येतो, मणी तोडून शुगर बघतो, भाव ठरतो, थोडा इसार हातावर ठेवतो. माल गाडीत भरेपर्यंत सगळं तोंडी. एका फेब्रुवारीत माझा सौदा झाला, दोन दिवसांनी आभाळ भरून आलं आणि व्यापाऱ्याचा फोन बंद. घड वेलीवर तसेच, मी बांधावर उभा राहून दर दहा मिनिटांनी फोन लावतोय. म्हणून २०१५ मधलं डीआंड्रे जॉर्डन या खेळाडूचं वागणं मला अजून टोचतं. डॅलसच्या टीमला शब्द दिला, मग त्याच्या जुन्या टीमची, क्लिपर्सची, माणसं त्याच्या ह्यूस्टनच्या घरी जाऊन बसली आणि सह्या सुरू होताच त्याने क्लिपर्सच्या करारावर सही केली. नियमात बसलं, पण शब्द मोडला. राग यावा तर असल्या गोष्टीचा.

करार पुरा करून जाणारा गद्दार नव्हे. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवरचा टीमचा हक्क संपत नसे. ऑस्कर रॉबर्टसन खेळाडू संघटनेचे अध्यक्ष असताना १९७० मध्ये त्यांनी कोर्टात दावा लावला, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि मोकळं होण्याची वाट खुली झाली. आर्यनला हे नक्की सांगा. आणि एवढं विचारा, फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने आपला स्टार खेळाडू डॉन्सिच याला लेकर्सच्या टीमकडे धाडलं, तेव्हा त्याला आधी कोणी विचारलं होतं?

रिस्ट्रिक्टेड म्हणजे वाटणीची जमीन विकताना भाऊबंदाला आधी विचारतात, तसं. नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूचा चार वर्षांचा पहिला करार संपला आणि टीमने ठरलेली ऑफर समोर ठेवली, की दुसरी टीम भाव लावू शकते. पण जुन्या टीमने तेवढाच भाव मान्य केला तर खेळाडू तिच्याकडेच राहतो.

पंचवटी_३३:
पैशाची बाजूही सांगा त्याला. मोठ्या करारात स्वतःची टीम पाच वर्षं देऊ शकते, बाहेरची चारच. लॅरी बर्ड या जुन्या खेळाडूच्या नावाने ओळखला जाणारा नियमही आहे: आपला जुना खेळाडू राखायला टीमला एकूण पगाराची मर्यादा ओलांडता येते. म्हणजे घर सोडणारा बहुधा पैसे सोडून जातो.
आणि जेलन ब्रन्सन हा खेळाडू! २०२२ मध्ये डॅलस सोडून न्यूयॉर्कला गेला, तेव्हा त्यालाही खूप बोलले लोक. २०२४ मध्ये त्याच न्यूयॉर्कशी त्याने चार वर्षांचा १५.६५ कोटी डॉलरचा करार केला. वर्षभर थांबला असता तर पाच वर्षांचे २६.९ कोटी मिळाले असते. कमी घेतले ते टीमला बाकीचे खेळाडू सांभाळता यावेत म्हणून.

आर्यनची आई:
रात्री जेवताना बोललो. डॉन्सिचचं नाव काढल्यावर घास हातात धरून गप्प बसला. मग गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर ब्रन्सनची वजाबाकी केली, ११ कोटी २५ लाख डॉलर. रुपयात किती होतात ते माझ्या कॅल्क्युलेटरवर बसेना. आवडत्या खेळाडूवर अजून रुसलाय, पण तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. दादा, त्याने एक विचारलंय: तुमच्या त्या बागेचं पुढे काय झालं?

बागायतदार (दिंडोरी):
पाऊस एकच रात्र पडला, पण मणी तडकले. निम्म्याहून कमी भावात बेदाण्याला दिली. या हंगामात आर्यनला घेऊन बागेत या, पहिला घड त्याच्या हाताने तोडू.