स्टेशनबाहेर दिवसभर ठेवायची सायकल भंगारच बरी का?

पायडलपंत

नवी मुंबईतून ट्रान्स हार्बरच्या लोकलनं ठाण्याला नोकरीला जाणाऱ्यांसाठी हा धागा. घरापासून स्टेशनपर्यंत सायकल, पुढे लोकल, संध्याकाळी उलट. म्हणजे सायकल रोज दहा-अकरा तास बेवारस उभी. अशी सायकल मुद्दाम जुनाट, बिनगिअरची, कॅरिअर-मडगार्डवालीच असावी आणि तिच्या कुलपावर हजार-दोन हजार घालवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, असं माझं मत आहे.

चोराला सायकल नको असते, पैसे हवे असतात, तेही झटपट. रेलिंगला ओळीनं सायकली लावलेल्या असतील तर त्याची नजर आधी गिअरवालीवर जाणार. गंजलेल्या हँडलकडे कोण बघतो? आणि घणसोली-कोपरखैरण्यात स्टेशन गाठायला एकवीस गिअर कशाला लागतात? चढ म्हणून जो काय तो पुलाचा. मागच्या चाकाचं गोल कुलूप, जोडीला एक साखळी, फ्रेमवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. झालं काम. भारीतली सायकल रविवारी पाम बीच रोडला मिरवा की, नाही कोण म्हणतंय!

ऐरोलीची अनामिका

अजिबात सहमत नाही. जुनाट सायकल चोरीला जात नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांची गेली ती चांगली दहा-बारा वर्षं वापरलेली होती. जुन्या लोखंडाला किलोवर भाव मिळतो, कोणी बिल मागत नाही आणि सायकल कोणाची हे विचारायला कोणी येत नाही. चकचकीत सायकल विकताना निदान गिऱ्हाईक शोधावं लागतं. आणि "भंगार ठेवा" हा सल्ला ज्याच्या घरात दुसरी सायकल आहे त्यालाच परवडतो. काकांची तेवढी एकच होती.

दुसरं म्हणजे ब्रेक. मी रात्री साडेनऊला परतते. ठाणे-बेलापूर रोडच्या बाजूनं कंटेनर आणि कंपन्यांच्या बसेस वाहत असतात. तुमच्या त्या जुन्या सायकलींना क्रोम चढवलेल्या स्टीलच्या रिम असतात. जुलैच्या पावसात त्यावर रबराचे ब्रेक दाबून बघा एकदा. चाक दोन-चार वेळा फिरून पाणी पुसलं जाईपर्यंत सायकल थांबायचं नाव घेत नाही. अॅल्युमिनियमच्या रिमवर हा प्रकार बराच कमी होतो. चोराला नको वाटावी म्हणून मलाही नको वाटेल अशी सायकल चालवायची?

नट_बोल्ट

अनामिकाताईंना +१. पंत, तुमचं सगळं गणित सायकलीवर चाललंय, कुलूप तुम्ही हिशेबातच घेतलं नाहीत.

मागच्या चाकाचं गोल कुलूप काय करतं? चाक फिरू देत नाही, बस. सायकल खांबाला बांधलेली नसेल तर मागची बाजू उचलून टेम्पोत टाकायला अर्धं मिनिट पुरे. ते कुलूप दुकानात पाव आणायला जाताना ठीक आहे.

दुसरा प्रकार म्हणजे रंगीत प्लास्टिकचं वेष्टण असलेली केबल. एकदा ते वेष्टण ब्लेडनं सोलून बघा. अंगठ्याएवढी जाड वाटणारी केबल आत करंगळीपेक्षाही बारीक निघते. पिळलेल्या बारीक तारांचा पुडका, बाकी सगळं प्लास्टिक. हातातल्या साध्या कटरनं एकेक पीळ करत तुटतो, आवाजही होत नाही. आकड्यांचं कुलूप असेल तर कटरचीही गरज नाही. सोडवायची कडी किंचित ओढून धरायची आणि चकत्या फिरवत जायचं, बरोबर आकड्यावर चकती हलकीच अडकते.

दिवसभरासाठी डी-लॉकच. यू आकाराचा कठीण केलेला दांडा आणि खाली आडवी पट्टी. तो लावतातही चुकीचा. बरेच जण पुढच्या चाकातून घालतात. मग चोर पुढचं चाक सोडवतो, क्विक रिलीज (पान्याशिवाय उघडणारी खिट्टी) असेल तर हातानं, आणि चाक तुमच्यासाठी ठेवून बाकीची सायकल नेतो. अमेरिकेतले सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांनी सांगितलेली पद्धत अशी: मागच्या चाकाची रिम सीटखालच्या त्रिकोणी फ्रेममध्ये जिथे येते, तिथे रिम आणि खांब दोन्ही डी-लॉकमध्ये घ्यायचे. फ्रेमला कुलूप लागलेलंच नाही असं दिसतं, पण रिम त्या त्रिकोणातून बाहेर येऊच शकत नाही. चाक आणि फ्रेम एकाच छोट्या कुलपात. कुलूप जितकं लहान तितकं बरं, आत पहार घालायला जागाच उरत नाही. पुढच्या चाकासाठी मग ती केबल वापरा, तेवढ्याच लायकीची आहे ती.

सीट आणि चाकांचे क्विक रिलीज काढून साधे नट किंवा अॅलन (सहाकोनी भोकाचे) बोल्ट बसवून घ्या. सीटच्या बोल्टच्या भोकात बेअरिंगचा एक छर्रा ठोकून वर मेण भरलं की चोराचा अॅलन पाना आत जात नाही. तुम्हाला काढायचा झाल्यास मेण खरवडा, छर्रा चुंबकानं बाहेर.

पायडलपंत

नट_बोल्टराव, मेण, छर्रे, चुंबक! स्टेशनला जायचंय की तिजोरी लावायची आहे? आठ बावीसची सुटली की पुढच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

आणि डी-लॉकचं एवढं कौतुक कशाला? बॅटरीवर चालणारा ग्राइंडर आता कोणाकडेही असतो. पत्र्याचं काम करणारा, ग्रिलवाला, सगळ्यांकडे. दांडा मिनिटभरात कापला जातो. २००४ मध्ये अमेरिकेत क्रिप्टोनाइट या कंपनीची गोल चावीची महागडी कुलपं बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीनं उघडत होती, हा किस्सा विसरलात? कंपनीला ती बदलून द्यावी लागली होती. महाग म्हणजे मजबूत असं काही नसतं.

नट_बोल्ट

विसरलो नाही. म्हणूनच आता चपटी चावी बघून घ्यायची. ग्राइंडरला कुठलंच कुलूप पुरतं पुरत नाही हे खरं. पण ग्राइंडरला आवाज असतो, ठिणग्या उडतात, आणि दांडा दोन्ही टोकांना अडकणारा असेल तर दोनदा कापावा लागतो. भरदिवसा, तिकीट खिडकीसमोर, हे करायला छाती लागते. तुमच्या साखळीला कटर पुरतो, तोही पिशवीतून बाहेर न काढता. म्हणून जागा महत्त्वाची. जिन्याच्या तोंडाशी, चहाच्या टपरीसमोर, जिथे माणसं सतत उभी असतात तिथे. पुलाखालच्या काळोखात सावली मिळते म्हणून लावू नका.

रोखठोक

तुम्ही सगळे चोराला सोडून सायकलवाल्यालाच शहाणपण शिकवताय. ही स्टेशनं काही इंग्रजांच्या काळातली नाहीत. वाशीला पहिली लोकल आली १९९२ मध्ये, ट्रान्स हार्बरवर प्रवासी गाड्या सुरू झाल्या २००४ मध्ये. सिडकोनं आखलेलं शहर, स्टेशनांचा बहुतांश खर्चही सिडकोचा. कोऱ्या कागदावर शहर काढताना सायकलला जमिनीत रोवलेली चार लोखंडी कड्यांची रांग सुचू नये? दुचाकींना पे अँड पार्क आहे, सायकलवाला रेलिंग शोधत फिरतो आणि एक दिवस तीच सायकल "अडथळा" म्हणून उचलली जाते. उट्रेख्त स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींचं पार्किंग आहे. आपल्याला पन्नास जमत नाहीत?

सानपाडा स्लो

उट्रेख्त आलंच का! नेदरलँड्सचं नाव निघेपर्यंत कुठलाही सायकलचा धागा पूर्ण होत नाही.

मी पे अँड पार्कमध्येच ठेवतो. मुलगा बसलेला असतो, दुचाकींच्या गर्दीत कोपऱ्यात घेतो. पावतीवर छापलेलं आहे, "वाहन मालकाच्या जबाबदारीवर". मग पैसे कसले देतो आपण? सावलीचे?

कोपरीचा वकील

त्या छापील ओळीनं आपोआप जबाबदारी झटकता येत नाही. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०१९ मध्ये हेच सांगितलं. १९९८ मध्ये दिल्लीच्या हॉटेलातून पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली होती. पावतीवर "मालकाच्या जबाबदारीवर" असं छापलेलं असूनही हॉटेलला भरपाई द्यावी लागली. पण एवढ्यावर पार्किंगवाल्याशी भांडायला जाऊ नका. तिथे पाहुण्यानं किल्ली हॉटेलच्या माणसाच्या हातात दिली होती, म्हणजे गाडीचा ताबा हॉटेलकडे गेला होता. तुम्ही सायकलला स्वतःचं कुलूप लावून किल्ली खिशात घालून जाता. ताबा दिला की नुसती जागा भाड्यानं घेतली, वाद इथेच अडकेल.

यापेक्षा कामाची गोष्ट सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरीचं कलम ३०३(२). चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. आणि ५,००० च्या खालची अशी चोरी नव्या प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टात अदखलपात्र धरली आहे. म्हणजे पंतांची भंगार सायकल गेली तर हातात एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) येणार, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलीस तपासाला हात लावू शकत नाहीत. बिल जपा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सायकल उलटी करून पायडलच्या आसाखाली कोरलेला फ्रेम नंबर टिपून घ्या. तो नंबर नसेल तर सापडलेल्या सायकलींच्या ढिगातून तुमची कोणती हे कशावरून सांगणार?

ऐरोलीची अनामिका

वकीलसाहेब, हे पंतांना फ्रेम करून द्या. चोर आणि कायदा, दोघांनाही स्वस्त सायकलच सोयीची.

डबलसीट

अवांतर, पण राहवत नाही. आमच्या लहानपणी पुण्यात सायकलला नगरपालिकेचा बिल्ला घ्यावा लागे. बिल्ला नसला की पकडत. तेव्हा आम्ही त्या कराला शिव्या घातल्या, पण सायकल कोणाची याची कुठेतरी नोंद तरी होती. जपानात आजही सायकल विकत घेतली की नोंदणी करावी लागते, फ्रेमवर स्टिकर लागतो. इथे कोणी हा विषय काढला की लगेच "सायकलवर पण कर?" अशी बोंब होईल आणि सगळ्यात आधी मीच मारीन.

नातवानं माझ्या सायकलच्या सीटखाली ते एअरटॅग का काय ते चिकटवून दिलंय. कामाचं आहे का ते?

नट_बोल्ट

काका, गर्दीच्या ठिकाणी कामाचं आहे. त्यात जीपीएस नसतं. आसपासच्या आयफोनना ब्लूटूथनं त्याची चाहूल लागते आणि ठिकाण तुमच्या नातवाच्या फोनवर दिसतं. पण कोणी अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते, कारण पाळत ठेवायला कोणी तो वापरू नये म्हणून ती सोय आहे. तेव्हा सीटखाली सहज हाताला लागेल असा नको, रिफ्लेक्टरच्या मागे दडवा. आणि ठिकाण दिसलं तरी एकट्यानं आणायला जाऊ नका, पोलिसांना दाखवा.

पायडलपंत

ब्रेकचा मुद्दा मान्य. अॅल्युमिनियमच्या रिम बसवून घेतो. पण कुलूप तेच राहणार, आणि सायकलही तीच.

नट_बोल्ट

नव्या रिम, त्याही साध्या साखळीत? सायकल तीच राहील पंत, चाकं बहुतेक नाही.

कोपरीचा वकील

रिमचं बिल घ्यायला विसरू नका.