पुणे शहराला ऑरेंज, घाटमाथ्याला रेड: सोसायटीने नेमकं कशावर हलायचं?

मुठाकाठ_कमिटी

सिंहगड रोडला नदीच्या अंगाला असलेल्या सोसायटीसाठी पावसाळ्याची कार्यपद्धती लिहून काढतोय. तळघरात पार्किंग, पंप आणि जमिनीखालची टाकी; मीटररूम तळमजल्यावर. ‘अलर्ट आला की गाड्या वर काढाव्यात’ असं लिहिलं तर जुलैभर रोजच अलर्ट असतो, आणि आठवड्यात लोक ऐकणं बंद करतात. हवामान खात्याच्या तक्त्यात ‘पुणे’ आणि ‘पुणे घाट’ अशा दोन ओळी, रंग वेगवेगळे. शिवाय तीन तासांचे इशारे, वर धरणाच्या विसर्गाचे मेसेज. यातलं काय धरायचं? आणि ऑरेंज म्हणजे ११५ मिलिमीटरच्या वर, रेड म्हणजे २०४ च्या वर, हे बरोबर ना?

पर्जन्यमापी

शेवटचं आधी. ते आकडे पावसाच्या वर्गवारीचे आहेत, रंगांचे नाहीत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे ‘मुसळधार’, ११५.६ ते २०४.४ ‘अति मुसळधार’, २०४.५ पासून पुढे ‘अत्यंत मुसळधार’. रंग ठरतो तो फटका किती बसेल आणि तसं होण्याची शक्यता किती, या दोन्हींची सांगड घालून. त्यामुळे मोठा पाऊस पण शक्यता कमी, आणि बेताचा पाऊस पण जवळजवळ नक्की, या दोन्हींना एकच रंग मिळू शकतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हिरव्याला काही इशारा नसतो. आणि रेड आला म्हणजे शाळेला सुट्टी, असंही नाही. सुट्टीचा आदेश प्रशासन वेगळा काढतं.

रंगाच्या शेजारची ओळ वाचायची सवय लावा, खरी माहिती तिथे असते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर. ‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ असं लिहिलेलं असताना कोथरूडला नुसता भुरभुर पाऊस पडला, तर अंदाज चुकला असं म्हणता येत नाही.

दुसरी गोची दिवसाची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. २५ तारखेच्या नावावर नोंदलेला पाऊस बहुतेक २४ च्या दिवसा-रात्रीचा असतो. ‘आज’चा इशाराही उद्या सकाळी साडेआठपर्यंत चालतो, रात्री बारा वाजता संपत नाही.

सांडवा

वरचं सगळं बरोबर, पण नदीकाठच्या सोसायटीने शहराच्या ओळीपेक्षा घाटाची ओळ आधी बघावी. तुमच्या गेटशी येणारं पाणी शिवाजीनगरच्या पर्जन्यमापकात मोजलं जात नाही. ते पानशेत, वरसगाव, टेमघर या वरच्या धरणांच्या डोंगरात पडतं, शहराच्या वरच्या अंगाच्या खडकवासला धरणात येतं आणि तिथून मुठेत सोडलं जातं.

खडकवासल्याची साठवण १.९७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२. म्हणजे साखळीतलं शेवटचं धरणच सगळ्यात लहान. सुमारे ११,५७४ क्युसेक २४ तास चालले की १ टीएमसी होतो (१ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर). येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, २३ हजार क्युसेकच्या आसपास राहिला तर रिकामं खडकवासलासुद्धा एका दिवसात भरेल, आणि जुलैअखेर ते रिकामं नसतंच. भरल्यावर येवा तसाच पुढे सोडावा लागतो. शिवाय पानशेत-वरसगावच्या खालच्या मुक्त पाणलोटाचं, म्हणजे कुठल्याही धरणाने न अडवलेल्या भागाचं, पाणी थेट खडकवासल्यात उतरतं, त्यामुळे ‘वरची धरणं अजून भरली नाहीत’ हा दिलासा अर्धाच.

२५ जुलै २०२४ घ्या. शिवाजीनगरला २४ तासांत ११४ मिमी, म्हणजे वर्गवारीत ‘अति मुसळधार’सुद्धा नाही. तरी सिंहगड रोडच्या नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं, कारण पहाटे विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता.

विसर्गाचा मेसेज साधारण असा असतो: ‘सुरू असलेला अमुक क्युसेक विसर्ग वाढवून सकाळी ११ वाजता तमुक क्युसेक करण्यात येत आहे. पावसाचे प्रमाण व येवा यानुसार विसर्गात बदल संभवतो.’ यातून तीन गोष्टी उचला: आधीचा आकडा, नवा आकडा, अंमलाची वेळ. शेवटचं वाक्य छापील म्हणून सोडून देऊ नका. दोन तासांत तीन मेसेज आले आणि प्रत्येकात आकडा चढता असेल, तर तो चढच इशारा आहे.

एक काम आत्ताच करा. नदीकडच्या भिंतीवर किंवा खांबावर रंगाने दर ३० सेंटिमीटरला रेघ मारा आणि प्रत्येक विसर्गाला पाणी कुठवर आलं ते वहीत लिहा. दुसऱ्या सोसायटीचा आकडा तुम्हाला लागू पडत नाही. पात्रातला भराव, पूल, नाल्याचं तोंड, सगळ्याने तो बदलतो. शेजारच्या कुणा जाणत्याने ‘अमुक हजाराला काही होत नाही’ म्हटलं की पहिला प्रश्न विचारा: कोणत्या वर्षी?

आंबिलओढा_पूर्व

सांडव्यांचं नदीपुरतं मान्य. पण हे वाचून ओढ्याकाठचे लोक क्युसेक बघत बसले तर घात होईल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर धरणाच्या विसर्गाचा नव्हता. कात्रजच्या बाजूला कमी वेळात कोसळलेला पाऊस सरळ ओढ्याने आला. अशा वेळी जिल्ह्याचा रंग पिवळाच असू शकतो.

ओढ्याकाठी उपयोगी पडतो तो ‘नाऊकास्ट’, म्हणजे पुढच्या तीन तासांचा इशारा. त्यावर काढल्याची वेळ असते, ती आधी बघायची. दुपारी चारला काढलेला इशारा रात्री नऊला फॅमिली ग्रुपवर ‘अर्जंट’ म्हणून फिरतो, तोवर तो शिळा झालेला असतो. वेळ कापून टाकलेला स्क्रीनशॉट कमिटीच्या ग्रुपवर टाकायचाच नाही, असा नियम करा.

टॉवरलोकेशन

फोनचं राहिलं. मोठ्याने वाजून पूर्ण स्क्रीनवर येतो तो सेल ब्रॉडकास्ट. तो नंबरांच्या यादीवर जात नाही, ठरलेल्या भागातल्या टॉवरवरून तिथल्या सगळ्या फोनवर जातो. म्हणून इंटरनेट बंद असलं तरी येतो, फोन एअरप्लेन मोडवर असला तर येत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ शोधून चालू आहे का बघा. आयफोनवर नोटिफिकेशन्सच्या अगदी तळाशी. बऱ्याच जणांनी चाचणीच्या वेळी दचकून तो बंद करून टाकलाय. वॉचमनचा फोन आधी तपासा, रात्री तीनला जागा तोच असतो.

याशिवाय दोन अॅप: राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’, आणि विजेसाठी पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’. कुठलाही खरा इशारा ओटीपी मागत नाही.

मुठाकाठ_कमिटी

म्हणजे रंगावर फक्त सावध व्हायचं आणि विसर्गावर हलायचं, असं लिहू का?

सांडवा

हो, पण पायऱ्या वहीतल्या रेघांवर बांधा. घाटाला ऑरेंज किंवा रेड असेल तर त्या रात्री विसर्गाचे मेसेज बघायला एक माणूस नेमा, नाव लिहून. तळघराच्या उताराच्या तोंडाशी पाणी येतं त्याच्या दोन रेघा आधी गाड्या वर. ‘पाणी दिसल्यावर’ असं लिहू नका, कारण तेव्हा सगळे एकदम खाली धावतात आणि उतारावर एक गाडी बंद पडली की बाकीच्या आत अडकतात.

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर किंवा वर नेऊन तिथेच बंद करायची, नाहीतर खड्ड्यात पाणी भरून केबिन बुडते. जमिनीखालच्या टाकीचं झाकण नुसतं ठेवलेलं असतं, त्याला रबरी गॅस्केट लावून बोल्टने आवळा. पूर येण्याआधी वरच्या टाक्या भरून घ्या, मग पंपाचा वीजपुरवठा तोडा. पाणी मीटररूमच्या उंबऱ्याशी पोचलं की मेन स्विचला कुणी हात लावायचा नाही, महावितरणला फोन करून बाहेरूनच पुरवठा बंद करून घ्यायचा. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, तातडीसाठी ११२. हे दोन्ही वॉचमनच्या केबिनमध्ये भिंतीवर.

आणि तळमजल्यावरच्या न्हाणीघरांच्या जाळ्या. नदी चढली की ड्रेनेज उलटं फिरतं आणि गेटवर पाणी यायच्या आधी घरात तिथून येतं. प्लास्टिकच्या पिशवीत वाळू घट्ट भरून जाळीवर दाबून ठेवा, कमोडमध्येही एक. पिशव्या मे महिन्यातच भरून ठेवा, ऐन वेळी पुण्यात कोरडी वाळू मिळत नाही.